उकिरड्याचा पांग

माझ्या लहानपणी आमच्या गावात कचरा हा शब्द फारसा कुणाच्या तोंडी नसे. केर होता, पातेरा होता, राख होती, शेण होतं, खरकटं होतं, चिंध्या होत्या. प्रत्येकाला नाव वेगळं आणि जागाही वेगळी. हे सगळं एकत्र कालवलं की त्याचा कचरा होतो. ही कालवाकालव आमच्याकडं फार उशिरा आली.

गाव कल्याण तालुक्यातलं, मुरबाड रस्त्याला, गोवेलीच्या बाजूचं. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला काळू. सगळा भाताचा मुलूख. गोठ्याच्या मागं प्रत्येक घराचा आपला उकिरडा असायचा आणि तो कुणाचा हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. दुसऱ्याच्या उकिरड्यातून पाटीभर खत उचललं तर ती चोरी समजली जायची, त्यावरून भांडणंही व्हायची. भावाभावांच्या वाटण्या होत तेव्हा भांडी, बैल, गवताच्या गंजी यांच्याबरोबर उकिरडाही वाटला जाई. आमच्या आजोबांच्या आणि चुलत आजोबांच्या वाटणीत गाडीच्या खेपा मोजून खत वाटलं होतं, असं घरात सांगत. मुलीसाठी स्थळ बघायला गेलेली जाणती माणसं ओटीवर बसून चहा घ्यायची आणि परसाकडला जायचं निमित्त करून मागं एक चक्कर टाकून यायची. उकिरडा मोठा असला की गोठ्यात जनावर आहे, जनावर आहे म्हणजे शेतात खत आहे, आणि खत आहे म्हणजे पोरीच्या पानात भात पडेल. घराचा रंग बघून काही कळत नसे.

या उकिरड्यात काय जायचं याला कायदा होता आणि तो आमच्या आजीच्या हातात होता. शेण, गोठ्यातलं मुतानं भिजलेलं गवत, भाजीची देठं, फणसाच्या चारखंडा, चुलीतली राख, अंगणातला केर, हे सगळं जायचं. करवंटी जायची नाही, ती जळणाला. हाडूक जायचं नाही, कुत्री उकरतात म्हणून. आणि फुटकी काच, बांगडीचा तुकडा, गंजका खिळा, दाभण, यातलं काही उकिरड्याच्या वाऱ्यालाही उभं करायची नाही. बांगडी फुटली तर तुकडे वेचून ती फडक्यात बांधायची आणि बांधावरच्या निवडुंगाच्या मुळात पुरायची. आम्हा पोरांना वाटायचं, हा काही देवाधर्माचा प्रकार असेल. एकदा विचारलं तर म्हणाली, "अरे, आवणीला चिखलात पाय कुणाचा जाणार हाय? माझाच ना?"

एवढंच त्याचं शास्त्र. उकिरड्यातलं खत वैशाखात शेतात जायचं, आषाढात त्याच शेतात घोट्याच्या वर चिखलात उभं राहून बायका भात आवायच्या, आणि अनवाणीच आवायच्या. टाकणारा हात आणि तुडवणारा पाय एकाच घरातला, बहुतेक वेळा एकाच बाईचा. त्यामुळं वेगळं करा म्हणून कुणी दवंडी पिटायची गरज पडली नाही.

राबाची गोष्ट याच्या पुढची. ठाणे जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला राब कदाचित माहीत नसेल. भाताचं रोप जिथं तयार करायचं तो तुकडा पावसाआधी भाजून काढतात, त्याला राब म्हणतात. खाली शेणाचा थर, त्यावर ऐनाचं, किंजळाचं तोडून वाळवलेलं कवळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती. वारा पडला की वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं, म्हणजे भडका न होता ते धुमसत राहतं. तणाचं बी मरतं, राख जमिनीला मिळते आणि रोप तरारून येतं. वर्षभर अंगणात झाडून जमा केलेला पातेरा यासाठी राखून ठेवलेला असे. साहेबांच्या काळापासून जंगल खात्याचे लोक या राबावर नाराज होते, कारण कवळासाठी झाडं ओरबाडली जात. त्यांचंही खोटं नव्हतं. पण घरातला केर शेवटी जातो कुठं याचं उत्तर आमच्याकडं होतं, ते राब आणि उकिरडा या दोन जागांत संपायचं.

बाकीच्या वस्तू तिथपर्यंत पोहोचतच नसत. लुगडं फाटलं की त्याची गोधडी, गोधडी विरली की पोतेरं, आणि पोतेऱ्याचेही धागे उरले की ते चुलीला. रॉकेलचा पत्र्याचा डबा कापून त्याचं घमेलं व्हायचं. डालड्याचा डबा कुणाकडं तुळशीला, कुणाकडं परसाकडला. पावसात डोक्यावर इरलं असायचं, बांबूच्या कामट्यांचं आणि पळसाच्या पानांचं. मोडलं की त्याचा कुजून मातीत जायला एक पावसाळा पुरे. कल्हईवाला वर्षातून एकदा यायचा. कल्याणात बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. शर्टाची कॉलर उलटून बघत, नाक मुरडत ती एका पातेल्याला सात कपडे मागायची आणि पाचावर यायची. शहरात दूधही काचेच्या बाटलीतून मिळायचं. आरेच्या केंद्रावर रिकामी बाटली दिली की भरलेली मिळे. बाटली धुऊन ठेवा असं कुणी भिंतीवर लिहिलेलं मी पाहिलं नाही, रिकामी नेली नाही तर दूध मिळायचं नाही, एवढं पुरेसं होतं.

बलिप्रतिपदेला पहाटे आजी घर झाडून तो केर, जुनी केरसुणी आणि एक पणती घेऊन निघायची. इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो, असं म्हणत ते सगळं उकिरड्यावर ठेवायचं आणि मागं न बघता परत यायचं. पहाटेच्या अंधारात प्रत्येक घराच्या मागं एकेक दिवा दिसायचा. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो अशी म्हण आहे. आमच्याकडं तो दरवर्षी फिटायचा म्हणा.

शहर आणि शेत यांचाही तेव्हा व्यवहार होता. आमची बैलगाडी पेंढा, काकडी, वालाच्या शेंगा घेऊन कल्याणला जायची. तिथं तबेले होते. दूधनाक्याचं नाव अजून टिकून आहे. पेंढा तबेल्यात द्यायचा आणि गाडी रिकामी आणायची नाही, शेण भरून आणायची. कल्याणची नगरपालिका जुनी, १८५५ सालची. ठाण्याची १८६३ ची. त्या काळच्या नगरपालिकांना शहराची घाण ही विकायची वस्तू वाटायची. सोनखत हा शब्द उगाच आलेला नाही.

पुढं याबद्दल थोडं वाचनात आलं. अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला होता. पालापाचोळा, शेण, मुतानं भिजलेली माती आणि राख यांचे थर घालून, मधून मधून उलथून साधारण तीन महिन्यांत खत करायची रीत त्यानं तिथं बसवली. तिला जगभर इंदूर पद्धत म्हणतात. तिच्यावरचं पुस्तक १९३१ साली निघालं, त्यावर हॉवर्डच्या जोडीला यशवंत वाड यांचं नाव आहे. हॉवर्डचं नाव सगळे घेतात, वाडांचं घेणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्यानंतर आचार्य नावाच्या शास्त्रज्ञांनी शहरातला केर आणि मैला एकाआड एक थरांत खड्ड्यात कुजवायची बंगळूर पद्धत काढली. अधिक धान्य पिकवा मोहिमेच्या दिवसांत कितीतरी नगरपालिकांनी असं खत करून शेतकऱ्यांना विकलं. आपल्या कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचं खत होईल असा संडास करून दाखवला.

पण जुनं ते सोनं म्हणायची घाई करू नये. त्या सोनखतातलं सोनं शेतकऱ्याला मिळायचं आणि मैल्याची टोपली एका ठराविक जातीच्या बायामाणसांच्या डोक्यावर असायची. ती गळायची. डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदीचा कायदा व्हायला १९९३ साल उजाडलं, आणि २०१३ ला पुन्हा दुसरा करावा लागला, यावरून काय ते समजा. अप्पासाहेब ब्राह्मण घरातले, स्वतः मैला उचलायचे. त्यांना संडासाची रचना बदलायची होती त्याचं खरं कारण ती टोपली होती. खत हा त्यातला दुसरा फायदा. हे विसरून नुसतं पूर्वी कसं सगळं मातीत जायचं असं सांगणाऱ्यांची मला चीड येते.

बदल कधी सुरू झाला याचं एक साल सांगता येत नाही. १९६५ मध्ये तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा, खत कारखाना सुरू झाला. थोड्याच वर्षांत सुफलाच्या गोण्या आमच्या ओटीवर आल्या. जया, रत्ना ही बुटकी भातं आली, त्यांना पोतंभर दाणेदार खत टाकलं की पीक दिसायचं. ते खोटं नव्हतं. भात खरंच वाढलं आणि त्या भातावरच आमची पिढी शिकली. पण उकिरड्याचा मान तिथून उतरायला लागला. बैल गेले, म्हशी गेल्या, गोठ्यात मोटारसायकल उभी राहिली. आणि ऐंशी सालानंतर बाजारातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूबरोबर एक पिशवी यायला लागली. ती आजीला कुठं टाकावी ते कळेना. चुलीत टाकली तर वास मारायची, उकिरड्यात टाकली तर पुढच्या वैशाखात जशीच्या तशी फावड्याला अडकायची. तिनं मरेपर्यंत पिशव्या धुऊन, वाळवून, घडी करून कणगीमागं ठेवल्या. गेली तेव्हा दोन गोण्या भरून निघाल्या.

तिकडं कल्याण-डोंबिवली फुगत होती. १९८३ ला महापालिका झाली. भोवतालची गावं आत घेतली आणि त्या गावांतले उकिरडे, खळी, गुरचरणं हळूहळू प्लॉट झाले. हजारो घरं उभी राहिली ज्यांच्या मागं गोठा नव्हता आणि परसही नव्हतं. त्यांचा केर जाणार कुठं? तो कल्याण पश्चिमेला तुरुंगाजवळ, खाडीच्या अंगाला, आधारवाडीला जाऊ लागला. उष्टं अन्न, बाटल्या, पिशव्या, औषधांच्या सुया, बांगड्यांचे तुकडे, सगळं एकाच गाडीत. बघता बघता त्याचा डोंगर झाला. उन्हाळ्यात तो पेटायचा आणि दिवसचे दिवस धुमसायचा. धूर घरात यायचा, पोरं खोकायची. राबही धुमसतो, पण राबाच्या धुरानंतर रोप येतं. या म्हणीतली बारा वर्षं आधारवाडीला किती वेळा उलटली, पांग काही फिटला नाही.

त्या डोंगरावर माणसं होती. मुंबई, ठाणे, पुणे, कुठल्याही कचराभूमीवर वेचायला जाणाऱ्या बायकांची गावं विचारली तर जालना, बीड, उस्मानाबाद, लातूर अशी नावं यायची. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघालेल्या भूमिहीन दलित घरांतल्या बायकांनी शहरांत हे काम धरलं, त्यांच्या लेकीसुनांनी पुढं चालवलं. म्हणजे शेतातून उठलेला पायच शेवटी शहराच्या कालवलेल्या कचऱ्यात उतरला. टाकणारा हात मात्र दुसऱ्या घरातला झाला. पुण्यात १९९३ ला या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. मुंबईकडं स्त्री मुक्ती संघटनेनं वेचक बायकांना संघटित केलं, त्यांना कुजवण्याचं आणि वर्गवारीचं शिक्षण दिलं. कचरा वेगळा कसा करावा याचे धडे आता शाळांत देतात, पण या शास्त्रातल्या खऱ्या जाणत्या त्याच. त्यांना नुसत्या बोटानं दाबून प्लास्टिकची जात कळते.

२६ जुलै २००५ चा पूर सगळ्यांना आठवतो. उल्हास आणि काळूनं आमच्याकडं जे केलं ते वेगळं सांगायला हवं. पण पाणी ओसरल्यावर जे बघितलं ते इथं सांगतो. नदीकाठच्या करंजांना, जांभळींना पंधरा-वीस फुटांवर पिशव्या लटकल्या होत्या, पांढऱ्या, निळ्या, काळ्या. दूरून बगळे बसल्यासारख्या दिसायच्या. शेतात चिखलाचा थर आणि त्या थरात पिशव्यांचा थर. नांगर घातला तर फाळाला गुंडाळायच्या. वरच्या अंगाला बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कुणाकुणाची पिशवी कुठली हे काय सांगणार! त्यानंतर २००६ ला कायदा झाला, ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद झाल्या. २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा मोठी बंदी आली. मंडईत आजही भाजीवाला मागं हात घालून पिशवी काढतो.

शेवटी कल्याण-डोंबिवलीचं घोडं अडलं ते कोर्टात. कचऱ्याची विल्हेवाट नीट लावत नाही म्हणून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिथल्या नव्या बांधकामांवर बंदी घातली. पुढच्या वर्षी ती उठली. पण फ्लॅटचा धंदा थांबल्यावर शहराला कचरा दिसला, हे खरं. मग उंबर्डे, बारावे इथं प्रकल्पांची कामं निघाली. तिथल्या रहिवाशांनी विरोध केला, कारण आधारवाडीचा धूर त्यांनी बघितला होता. २०२० च्या मे महिन्यात, म्हणजे ऐन कोरोनात, ओला आणि सुका वेगळा दिला नाही तर उचलायचाच नाही, असं महापालिकेनं ठरवलं. हे काम ज्यांच्याकडं होतं ते उपायुक्त रामदास कोकरे. त्याआधी ते वेंगुर्ल्याचे मुख्याधिकारी होते आणि तिथली कचराभूमी त्यांनी लोकांनी बघायला यावी अशी जागा करून दाखवली होती. वेंगुर्ला लहान, इथं रोजचा सहाशे टनांच्या आसपास माल. लोकांनी शिव्या घातल्या, रस्त्यावर पिशव्या फेकल्या. तरी वर्षभरानं, २०२१ च्या मे मध्ये, आधारवाडीवर गाड्या जायच्या थांबल्या. मला बातमी वाचून बरं वाटलं. त्या डोंगरावर पोट असणाऱ्यांचं पुढं काय, हे त्या बातमीत नव्हतं.

ठाण्याचं वेगळंच. त्यांचा कचरा वर्षानुवर्षं दिव्याला पडायचा. २०२३ च्या सुरुवातीला दिवा बंद झाला आणि गाड्या शीळच्या पलीकडं भंडार्लीला वळल्या. तिथल्या चौदा गावांतले लोक रस्त्यावर उतरले. मग आतकोलीचं नाव निघालं, ते भिवंडी तालुक्यात. आधारवाडी, दिवा, भंडार्ली, आतकोली. शहरांच्या कचराभूमींची नावं बघावीत, सगळी गावांची असतात.

आणि आमचं गाव? संत गाडगेबाबांच्या नावानं २००० साली ग्रामस्वच्छता अभियान आलं. रस्त्याकडेचे उकिरडे हलवा म्हणाले. हलवायला हवेच होते, माश्या आणि वास यात काही पुण्य नव्हतं. पण हलवलेले उकिरडे दुसरीकडं कुणी परत भरले नाहीत, कारण तोवर गुरंच उरली नव्हती. आता ग्रामपंचायतीची घंटागाडी येते, गाणं वाजतं. ती जिथं रिकामी होते तिथं ओढा आहे. सभेत मी दोनदा हा विषय काढला. नोंद झाली.

मध्यंतरी एका शहरातल्या प्रकल्पातून मी ट्रॉलीभर खत आणलं. स्वस्त मिळत होतं, रंगही काळा, छान. भेंडीला घातलं. पहिल्या खुरपणीला कामाला आलेल्या बाईच्या तळव्यात काच गेली. चार टाके पडले. मग मी ते खत चाळणीवर घेतलं तर काच, ब्लेडचे तुकडे, सलाइनच्या नळ्या, असा ढिगारा निघाला. कागदावर त्या खताची तपासणी झालेली होती, नत्र, स्फुरद, पालाश सगळं लिहिलेलं. पायाची तपासणी कुणी केली नव्हती. शहरांच्या खताला आता सरकारनं हरित महासिटी कंपोस्ट असं नाव दिलंय. नाव चांगलं आहे. पण आमच्याकडचा शेतकरी ते घ्यायला का कचरतो हे विचारायला अधिकारी येतात तेव्हा मी त्यांना ती चाळण दाखवतो.

माझा पुतण्या डोंबिवलीला राहतो. त्यांच्या सोसायटीत बायकांनी पुढाकार घेऊन गच्चीखाली ओल्या कचऱ्याचे पिंप लावले. खत भरपूर होऊ लागलं, कुंड्या भरल्या, आता त्याचं करायचं काय? सूनबाईंचा फोन आला, "काका, तुम्ही न्याल का?" म्हटलं, नेईन, पण माझी एक अट आहे. प्रत्येक खेपेला मी गोण्या चाळणार आणि जे निघेल ते डब्यात घालून तुमच्याकडं परत पाठवणार. तो डबा तुम्ही मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उघडायचा.

पहिल्या खेपेला चार गोण्या आल्या. डब्यात सतरा रबरबँड, दोन ब्लेड, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, एक बाटलीचं बूच आणि हिरव्या बांगडीचे तीन तुकडे पाठवले. बांगडीवरून म्हणे तिथं बरीच बोलाचाली झाली. दुसऱ्या खेपेला कोपरे बंद झाले, रबरबँड चारावर आले. मी बदल्यात वालाच्या शेंगा आणि भेंडी पाठवतो, पैशांचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही. खत हाताला मऊ लागतं, वास मातीचा येतो. ज्या बाईच्या पायाला टाके पडले होते तिनं परवा ते मुठीत घेऊन बघितलं, मगच चप्पल काढून वाफ्यात उतरली.

या पावसाळ्याच्या तोंडावर सहा गोण्या आल्या. चाळून झाल्या तेव्हा डब्यात टाकायला एक पोह्यांचा चमचा निघाला. स्टीलचा, चांगला जाड. धुऊन शेंगांच्या पिशवीत घालून परत पाठवला.